पैसा, कर्ज, दशांश आणि देवावरचा भरवसा : मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की आम्ही तिघं मागच्या खोलीत दानाचे पैसे मोजायला बसतो. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, उपकारस्तुतीची पाकिटं वेगळी. सांगलीतल्या एका मध्यम आकाराच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी खजिनदार आहे. या कामाला आता बारा वर्षं होतील. पैसे मोजताना दारातून डोकावून "एक विचारायचं होतं" म्हणणारं कुणी ना कुणी असतंच. पैशाचं पाळकसाहेबांना विचारायला लोक बिचकतात, खजिनदाराला बिचकत नाहीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. नोकरीभर हिशोब लिहिले, त्यामुळे उत्तरांत पवित्र शास्त्र आहे तसा वहीचाही वास येईल.

पैसा जवळ असणं हेच पाप आहे का?

नाही. "पैसा हे सगळ्या वाइटाचं मूळ आहे असं बायबलातच लिहिलंय" असं लोक ठणकावून सांगतात. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलं आहे ते द्रव्याच्या लोभाविषयी. आणि लोभाला पैसा लागतोच असं नाही, रिकाम्या खिशातही तो मजेत राहतो. अब्राहामाकडे गुरंढोरं होती, सोनंरुपं होतं. अरिमथाईचा योसेफ श्रीमंत होता आणि त्याच्याच नव्या कबरेत प्रभूला ठेवलं. येशू गावोगाव फिरत असताना योहान्ना, सुसान्ना अशा बायका आपल्या पैशातून सगळ्यांचा खर्च चालवत होत्या, असं लूक आठव्या अध्यायात लिहून ठेवतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं, ते दात्यांच्या पैशावर. ज्यांनी कधी मिरज पाहिली नाही अशा माणसांनी कमावलेला पैसा होता तो.

पण येशू पैशाला निरुपद्रवी वस्तूही मानत नाही. देवाची आणि धनाची, दोघांची चाकरी होत नाही, असं तो मत्तयाच्या सहाव्या अध्यायात म्हणतो. मूळ ग्रीक मजकुरात तिथे 'मामोन' हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे, जणू कुणा मालकाचं नाव असावं. मग आपला मालक कोण हे ओळखायचं कसं? मी स्वतःला विचारतो की या आठवड्यात माझी झोप कशामुळे उडाली. उत्तर दर वेळी आवडतंच असं नाही.

मग उंट आणि सुईच्या नाकाचं काय? श्रीमंताला स्वर्ग बंदच ना?

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून गुडघे टेकले की उंट त्यातून जायचा, ही गोष्ट तुम्ही प्रवचनात ऐकली असेल. असा दरवाजा होता याला पुरावा नाही. येशूला अशक्यच म्हणायचं होतं. म्हणून तर शिष्य हबकून विचारतात, "मग तारण कोणाचं होणार?" आणि तो सांगतो, माणसांना जे अशक्य ते देवाला शक्य आहे.

लूकाचं शुभवर्तमान वाचत असाल तर तिथे थांबू नका. ज्याच्यावरून येशू हे बोलला तो श्रीमंत माणूस अठराव्या अध्यायात खिन्न होतो. एकोणिसाव्यात लगेच जक्कय येतो. जकातदारांचा प्रमुख, चांगला गब्बर. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल करतो. पहिल्याला येशूने सगळं विकायला सांगितलं होतं, जक्कयाला कुठलाच आकडा सांगितला नाही; अर्धं त्याने आपणहून म्हटलं. उंट सुईतून गेला तो यरीहोत, जक्कयाच्या गावी.

'उद्याची काळजी करू नका' असं प्रभू म्हणतो. मग विमा, पीएफ, बँकेतली ठेव म्हणजे अविश्वास नाही का?

हा प्रश्न बहुतेक तरुण मुलं विचारतात आणि त्यांच्या आया मागे उभ्या राहून माझ्याकडे बघत असतात.

काळजी आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीतिसूत्रं आळशाला मुंगीकडे पाठवतात, कारण ती उन्हाळ्यात आपलं अन्न साठवते. मिसरात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा काढून ठेवायला लावला आणि त्यावर दुष्काळ निभावला. त्याला कुणी अल्पविश्वासी म्हटलेलं नाही. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, हे तर पौलाचं म्हणणं. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत हे खरं, पण चाऱ्यासाठी दिवसभर उडतात.

दुसरी बाजूही आहेच. इस्राएल लोकांना रानात देवाने खायला दिलेला मान्ना रोजच्या रोज गोळा करायचा होता. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. लूकाच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी तर आपल्या भागातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. पीक उदंड आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची, आणि मग जिवाला सांगायचं की खा, पी, आराम कर. त्याच रात्री देव त्याचा जीव मागून घेतो.

ती गोष्ट वाचताना मला हरिपूरची पेवं आठवतात. सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खणलेली पेवं. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. व्यापारी भाव येईपर्यंत निर्धास्त असायचे. २००५ च्या पुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पेव खणणारे लोक मूर्ख नव्हते. त्या मातीची आणि हळदीची त्यांना जाण होती, आणि कित्येक पिढ्या ते बरोबर ठरले होते. दाखल्यातला शेतकरीही साठवलं म्हणून चुकला नाही. त्याचं बोलणं पुन्हा वाचा: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. त्या सगळ्या बेतात दुसरं माणूसच नाही.

तेव्हा विमा काढा, आरोग्याचा तर आधी काढा. आजारी पडल्यावर मंडळीत पाकीट फिरवायला लावणं हा भरवसा नव्हे. आणि ठेवीच्या पावत्या दर आठवड्याला काढून मोजत असाल, तर मात्र त्यांचं आणि तुमचं नातं एकदा तपासून पाहा.

दशांश द्यायलाच हवा का? आणि कशावर? कापून येणाऱ्या पगारावर की आधीच्या?

खजिनदाराने याचं उत्तर 'हो, सगळ्यावर' असं द्यावं अशी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची अपेक्षा असते. मी प्रामाणिक उत्तर देतो.

नियमशास्त्रातला दशांश मुख्यतः धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरंढोरं यांवर होता. 'अनुवाद' या बायबलातल्या नियमशास्त्राच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचा, आश्चर्य वाटेल. त्यातला काही भाग घरच्यांनी देवासमोर बसून आनंदाने खायचा होता आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा होता. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, दशांश भांडारात आणा म्हणजे 'आकाशकपाटे उघडीन', हे वचन सगळ्यांना पाठ आहे. ते ज्या भांडाराविषयी आहे, त्या भांडारावर माणसं जेवत होती. नहेम्याच्या काळात लोकांनी दशांश थांबवला तेव्हा लेवी मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते, असं त्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे.

नव्या करारात मंडळीला टक्केवारी सांगितलेली नाही. येशू काटेकोर नियम पाळणाऱ्या परूश्यांना म्हणतो की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. हे करायचं होतंच, आणि तेही सोडायचं नव्हतं. पौल करिंथकरांना सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये.

माझं मत विचाराल तर दहावा हिस्सा ही सुरुवातीला चांगली खूण आहे. हातात पडणाऱ्या पगारावर की आधीच्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. शेतकऱ्याने उसाच्या बिलातून खत, पाणी, तोडणी वजा करून हिशोब धरला तरी माझी हरकत नाही. महत्त्वाचं एवढंच की आधी ठरवा. महिन्याच्या शेवटी जे उरतं त्यातून देणाऱ्याकडे काही उरत नाही, हे मी बारा वर्षं मोजतो आहे.

आणि एक. आईच्या औषधाचे पैसे दानपेटीत घालू नका. 'कुर्बान' म्हणून आईबापांचा वाटा देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे.

'शंभर पेरा, हजार कापा' असं मोबाइलवर एक सेवक सांगतात. त्यांना पाठवू का?

नको.

थोडं सविस्तर सांगतो, कारण यात आपली बरीच माणसं पोळली आहेत. देणाऱ्याला देव उणं पडू देत नाही, असं शास्त्रात आहे. पण देवाला दिलेलं दान म्हणजे भिशीचा हप्ता नव्हे की आपला नंबर लागला की रक्कम हातात पडेल. पेरणी-कापणीचं जे वचन ते दाखवतात, त्याच भागात पौल यहूदीयातल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी गोळा करतो आहे. पीक कसलं येईल हेही तो तिथेच सांगतो: तुम्ही आणखी उदार व्हाल आणि देवाची उपकारस्तुती होईल. ती वर्गणी त्याच्या स्वतःच्या गाडीसाठी नव्हती. तो करिंथात तंबू शिवून पोट भरत होता.

असा सेवक ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. तो पैसे कुठे खर्च झाले ते सांगतो का? पैसे खाजगी नावावर मागतो का? आणि तुमचं काम झालं नाही तर दोष कुणाला देतो? 'तुमचा विश्वास कमी पडला' असं म्हणत असेल, तर तो संकटात पडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या तीन मित्रांच्या रांगेत बसला आहे, आणि त्या तिघांवर देव शेवटी रागावला होता.

इमानाने दिलं, प्रार्थना केली, तरी बाग गेली. देव का असं करतो?

हा प्रश्न तासगावकडच्या एका भावाने विचारला होता. द्राक्षबागेची फळछाटणी झाली, घड बाहेर पडले आणि ऐन फुलोऱ्यात आठवडाभर पावसाळी हवा. दावण्या रोग आला. औषधाची उधारी तेवढी राहिली. त्याने माझ्यासमोर बसून विचारलं आणि मी गप्प बसलो. आजही मला 'का' माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असतं त्यांची मला जरा भीतीच वाटते.

त्या दिवशी आम्ही हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं, शेवटचा अध्याय. अंजिराला बहर येवो न येवो, द्राक्षवेलींना फळ न लागो, शेतं अन्न न देवोत, वाड्यात मेंढरं न राहोत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हबक्कूकाने हे द्राक्षं लागल्यावर लिहिलेलं नाही. तो भाऊ म्हणाला, "मला आनंद करायला जमायचं नाही." मी म्हणालो, "मलाही जमलं नसतं. पण नुसतं 'परमेश्वर' एवढं म्हणता येतंय का बघ."

आणखी एक सांगतो. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, सोनं-चांदी गाळतात. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात देवाला रुपं गाळून शुद्ध करणारा म्हटलं आहे. गाळताना त्याला स्वतःचा चेहरा दिसू लागला की काम झालं, हे आपण प्रवचनात ऐकतो. मलाखीत चेहऱ्याचं काही नाही. तिथे साधं एक क्रियापद आहे, की तो बसेल. मूस भट्टीत ठेवून गलाईवाला चहाला जात नाही, बसून राहतो. त्या भावाच्या बाबतीत मला जे धरून ठेवता आलं ते एवढंच. पुढच्या महिन्यात मंडळीतल्या चार घरांनी मिळून औषधाच्या उधारीतला थोडा भाग उचलला. ते पैसे माझ्या वहीत 'साहाय्य' या खात्यावर आहेत, नाव न लिहिता.

कर्ज काढणं चूक आहे का? आणि कुणाला जामीन राहावं का?

कर्ज काढणं पाप आहे असं शास्त्र म्हणत नाही. ऋणको सावकाराचा दास होतो असं म्हणतं, आणि ते ज्याने काढलं आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. इस्राएलात गरीब भावाला उसनं दिलं तर व्याज घ्यायचं नव्हतं, त्याचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळण्याआधी परत करायचं होतं, आणि सातव्या वर्षी सूट होती. व्याजापेक्षा तिथे माणूस आधी आहे.

मी फरक असा करतो. पीककर्ज, घराचं कर्ज, मुलीच्या नर्सिंगच्या फीचं कर्ज, यातून पुढे काही उभं राहतं. लग्नातल्या मंडपासाठी, बारशाच्या जेवणासाठी, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतलेल्या गाडीसाठी काढलेलं कर्ज हे दुसऱ्याच्या डोळ्यांना दिलेलं दान असतं. बायकांच्या गटकर्जाबाबत विशेष जपा. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात उभ्या राहतात, आणि मग त्याच नऊ जणी रविवारी तिच्या शेजारी बसतात. महिला मंडळातली बोलचाल त्यातूनच दोन वर्षं तुटली होती, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

जामिनाबद्दल मात्र नीतिसूत्रांचं मत स्पष्ट आहे आणि मी ते न ऐकल्याचं फळ भोगलं आहे. सहाव्या अध्यायात सांगितलंय, शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, हरिणीसारखी सुटका करून घे. बावीसाव्यात तर विचारलंय, फेडायला काही नसलं तर तुझ्या खालचं अंथरूण का जावं? एका मित्राला मी पतसंस्थेत जामीन राहिलो. "भाऊ, नुसती सही पाहिजे." मित्र गाव सोडून गेला आणि साडेचार वर्षं माझ्या पगारातून कपात झाली. बायकोने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षांत तिने एकही नवी साडी घेतली नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आता कुणी सही मागितली की मी विचारतो, ही रक्कम मी त्याला बक्षीस देऊ शकतो का? देऊ शकत असेन तर सही करायचं कारणच नाही, सरळ देऊन टाकतो. नसेन तर नाही म्हणतो. राग येतो लोकांना. येऊ दे.

दामदुप्पट योजना, शेअर, लॉटरी?

लॉटरी आणि ऑनलाइन जुगार नको. त्यात शेजाऱ्याचं नुकसान हाच आपला फायदा असतो. शेअर घेणं म्हणजे धंद्यात भाग घेणं, समजून घेतलं तर हरकत नाही. टिपा ऐकून सकाळी घेऊन दुपारी विकणं हा वेगळा रोग आहे. दर महिन्याला ठरावीक मोठा परतावा देणारी योजना मंडळीतल्याच माणसाने आणली तरी, किंबहुना त्यानेच आणली म्हणून, जास्त सावध राहा. प्रार्थनेने सुरू झालेल्या मीटिंगमध्ये कुणी कागद मागत नाही.

वहीवाल्याची एक माहिती: बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

धंद्यात थोडं इकडेतिकडे करावंच लागतं. देव समजून घेईल ना?

खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, असं नीतिसूत्रांत आहे. पण मला तराजूपेक्षा मजुरीबद्दल बोलायचं आहे. उसाचं बिल तोडीनंतर १४ दिवसांत आलं पाहिजे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं, हा नियम आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ आहे, आणि असावाच. आता आपल्या रानात भांगलायला येणाऱ्या बाईची मजुरी आठवा. "पुढच्या बाजारी देतो" असं किती वेळा म्हटलं? अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तिच्यासाठी चौदा दिवस नाहीत, सूर्य मावळायच्या आत द्यायचे आहेत. तिचा जीव त्यावर लागलेला असतो, असं कारणही दिलं आहे. याकोब म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी पोहोचतं.

नियमशास्त्रात सरव्याचीही सोय आहे. शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही, मळ्यात गळलेली द्राक्षं वेचायची नाहीत. ती गरिबांची आणि परक्यांची. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच हक्काने. बवाजाने तर गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गळू द्या. भुईमूग काढून झाल्यावर शेंगा वेचायला आलेल्या पोरांना हाकलताना हे आठवलं तर बरं.

लोक म्हणतात, 'पैशासाठी ख्रिस्ती झालात'. काय सांगायचं?

भांडू नका. पैसे देऊन विश्वास मिळत नाही हे प्रेषितांच्या कृत्यांतच लिहून ठेवलंय: शिमोन जादूगाराने पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने ते त्याच्यासकट उडवून लावले. मंडळीने कुणाला आमिष दाखवलं असेल तर ते पापच, त्याची बाजू घेऊ नका.

कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण मला साताऱ्याला गेलो की आठवतं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे बरीच वर्षं मिशनचं काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, जिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे येशूचे चाहते एकत्र यावेत. पगार सोडल्यावर दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. उतारवयात ठरलेला पगार सोडणं काय असतं ते नोकरदार माणसाला कळेल. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा वाटा किती, ते घर चालवणाऱ्या बाईला अधिक कळेल.

मंडळीच्या पैशाचा हिशोब मागणं म्हणजे सेवकावर अविश्वास दाखवणं का?

खजिनदार म्हणून सांगतो: मागा. न मागणाऱ्यांमुळेच आमची पंचाईत होते. पौल यरुशलेमेकडे वर्गणी नेताना आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतो आणि कारणही लिहून ठेवतो, की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये. प्रभूसमोरच नाही, तर माणसांसमोरही जे योग्य तेच करायचं आहे. पौलाला ही गरज वाटली, तर मी कोण लागून गेलो? आमच्याकडे मोजायला तिघं असतात, तिघांचं एकमेकांशी नातं नसतं, आकडा त्याच दिवशी फळ्यावर लागतो आणि सोमवारी रक्कम बँकेत जाते. 'प्रभू बघतो आहे' हे पावती न देण्याचं कारण असू शकत नाही.

म्हातारी विधवा सगळी पेन्शन दानात घालते. घ्यावी का?

दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण दानाच्या रविवारी हटकून वाचतो. मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीच्या ओळी मात्र वगळतो. तिथे येशू शास्त्र्यांविषयी सांगतो की ते विधवांची घरं गिळतात आणि लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढच्या वाक्यात तो दानपेटीसमोर बसतो आणि ही बाई येते. तिचं कौतुक खरंच आहे. पण मंदिराच्या खजिनदारांचं त्याने कौतुक केलेलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

आमच्याकडे एक आजी आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रुमालात गुंडाळलेली नोट पेटीत पडते, चार घड्या घातलेली, त्यामुळे ती कुणाची हे आम्हा तिघांना कळतं. मागच्या वर्षी मी धीर करून त्यांच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, "आजी, थोडं कमी टाकलं तरी चालेल. औषधं आहेत, भाडं आहे." त्यांनी मला आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "तुला मोजायला ठेवलंय, मला अडवायला नाही."

पंचांच्या सभेत मी हे सांगितलं. तेव्हापासून आजींच्या औषधांचं बिल मंडळी परस्पर भरते, दुकानदाराला सांगून ठेवलं आहे. त्यांना वाटतं सरकारी योजनेतून येतं. पहिल्या रविवारची नोट आली की मी ती उलगडून सरळ करतो आणि वहीत लिहितो.